सुगंधाचा दोर

डोमाजी गुरुजी रोज सकाळी डोळे मिटून आपल्याच शाळेत फेरी मारायचे. पडवीपासून स्वयंपाकघर, तिथून विहीर, तिथून फाटक. सगळीकडे कमरेएवढ्या उंचीवर अंबाडीचा दोर ताणलेला. स्वयंपाकघरापाशी त्याला एक गाठ, विहिरीपाशी दोन, फाटकापाशी तीन. आंधळी मुले त्या गाठी चाचपत खुशाल हिंडायची. पहिल्या दिवशी मी नेमकी वाटेत छत्री टेकवून ठेवली आणि गुरुजी तिला अडखळले. डोळे न उघडता म्हणाले, "बाई, तुमची छत्री मले दिसून नाई राह्यली." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ही शाळा नाचणगावातल्या सरकी काढायच्या एका बंद पडलेल्या जिनाच्या गोदामात होती. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी इथे गोष्टी सांगायला जायचे. एखाद्या लहानग्याचा हात धरला की गुरुजी खेकसलेच म्हणून समजा. "हात नोका धरू, दोर धरू द्या. तुमी काय जल्मभर पुरनार हाये का त्याले?" गिरडची सुगंधा आली तेव्हा भिंतीला टेकून बसून राहायची, हलायची म्हणून नाही. दिवाळीपर्यंत ती विहिरीवरून एकटी कळशी भरून आणू लागली. मग काय, येईल त्याला गुरुजी त्या कळशीतले पाणी प्यायला लावायचे, तहान असो वा नसो.

शाळा चालायची ती नागपूरहून येणाऱ्या सरकारी अनुदानावर आणि कापसाच्या बाजारात दर गाडीमागे कापल्या जाणाऱ्या धर्मादायावर. राज्यांची फेररचना झाली, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि अनुदान थांबले. नागपूर म्हणे मुंबईला विचारा, मुंबई म्हणे कागद अजून आले नाहीत. त्याच हंगामात बाजारातल्या शेठलोकांनी धर्मादाय धर्मशाळेच्या बांधकामाकडे वळवला. "गुरुजी, धरमशाला सबके काम आती है," एकाने समजावले. गुरुजींनी टोपी सारखी केली आणि ते उठले.

कोठीतली ज्वारी संपली तेव्हा त्यांनी घरोघर निरोप धाडले, शाळा बंद होते आहे, मुले घेऊन जा. आईबाप येतील तसे गुरुजी स्वतःच्या हाताने दोर सोडायचे आणि एकेका मुलाला एकेक तुकडा द्यायचे. सुगंधाच्या वाट्याला विहिरीकडचा आला, दोन गाठींसकट. तिच्या आईला त्यांनी खांबाशी बसवून पक्की गाठ मारायला शिकवली. "घरापासून विहिरीपर्यंत बांधजो माय. वढली तं ही गाठ अजून घट्ट बसते, सुटत नाई."

पुढच्या कापूस वेचणीच्या दिवसांत ते गिरडला निघाले, तेव्हा मीही बरोबर गेले. दिलेला तुकडा विहिरीपर्यंत पुरला नसेल, अशी शंका येऊन त्यांनी नवा दोर घेतला होता. मोटरीत त्याचे वेटोळे मांडीवर घेऊन बसले होते, लेकीकडे खाऊ न्यावा तसे.

सुगंधाचे घर दर्ग्याच्या टेकडीखाली. ती अंगणात बसली होती. दोराचे एक टोक ओसरीच्या खांबाला आणि दुसरे तिच्या कमरेला. गुरुजींचा खोकला ओळखून ती हसली. बोटे दोरावर फिरवत त्या दोन गाठींपाशी थांबली. "गुरुजी, विहीर इथं हाये," म्हणाली.

आई वावरातून आली, कमरेच्या ओटीत कापूस तसाच. आम्हाला पाहून तिला खरोखर आनंद झाला होता. "काय करू गुरुजी? तुमच्याकडून आली अन् एकटीच विहिरीवर गेलती. आमच्या विहिरीले कठडा नाई. पडली. लोकायनं वर काढली म्हून वाचली. वावरात नाई गेली तं खाऊ काय? आता घोर नाई. तुमी शिकवलेली गाठ हाये, सुटत नाई."

मला त्या बाईचा भयंकर राग आला होता. तिचे बोलणे ऐकले आणि तो राग कुठे न्यावा तेच कळेना.

गुरुजी सुगंधाजवळ बसले. दोर काचून तिच्या कमरेवर वळ उठला होता. त्यांनी गाठ सोडली, वळावरून हात फिरवला. आई काळजीने बघत उभी होती. मग त्यांनी तोच दोर जरा सैल करून तिच्या कमरेला पुन्हा बांधला.

परतताना नवा दोर त्यांच्या मांडीवरच होता. तो तिथे ठेवून यायची त्यांची छाती झाली नाही.