डाव्या पायाचं काय केलं

त्या दुष्काळाच्या वर्षी आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. उसाचं बेणंसुद्धा जनावरांनी खाल्लं होतं, गाळायला काय आणणार? मी तिथं वजनकाट्यावर कारकून होतो. काटा बंद, म्हणून गावच्या दूध संस्थेनं काढलेल्या चारा छावणीत मला हजेरीचं काम मिळालं. सकाळी जनावरांची मोजदाद, मग चाऱ्याचं वाटप, मग टँकरची वाट बघणं. दिवसभर उन्हात, शेणामातीत चालायचं.

साखरेचा आजार मला दहा वर्षांपासून होता. तळपायांना काही कळायचं नाही. अनवाणी असलो तरी पायात जाड मोजे असल्यासारखं वाटायचं. त्याची इतकी सवय झाली होती की कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

एका संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुवायला निघालो, तर बायको मागून म्हणाली, "अवो, थांबा. फरशीवर हे काय पडलंय? रगत हाय की."

खाली बसून डावी चप्पल काढायला गेलो तर निघेना. बायकोनं ओढली. छावणीच्या पत्र्याचा खिळा चपलेतून टाचेत घुसला होता. सकाळपासून मी त्याच्यावर चालत होतो.

हळद लावली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. गावात एक कंपाउंडर होता, तो दिवसाआड पट्टी बदलायचा. पंधरा दिवसांनी अंगठा काळा पडला. नेकनूरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच बीडला जायला सांगितलं. बीडच्या डॉक्टरांना पट्टी सोडायच्या आधीच वासावरून कळलं. त्यांनी औरंगाबादच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली.

तिथला डॉक्टर अगदी तरुण होता. म्हणाला, "गुडघा वाचवता येईल. पण आजच ठरवा."

छावणीच्या रजिस्टरात कालची हजेरी भरायची राहिली होती, तेच माझ्या डोक्यात होतं. बायकोनं विचारलं, "सही केल्यावर माणूस वाचतो का?"

"वाचेल."

ती बचत गटात सही शिकली होती. एकेक अक्षर जपून काढत तिनं सही केली.

ऑपरेशन केशरी कार्डावर फुकट झालं. बाकीच्या गोष्टी बाहेरून आणायच्या होत्या. इंजेक्शन, कापूस, हातमोजे, जंतुनाशक, एकेका चिठ्ठीवर बायको जिना उतरायची आणि चढायची. तिसऱ्या दिवशी तिच्या गळ्यात फक्त काळे मणी दिसले.

शेजारच्या खाटेवर बीडचा एक मेकॅनिक होता. ट्रकखाली झोपून काम करताना जॅक सटकला आणि त्याचा उजवा पाय गेला. वॉर्डात सगळे त्याला भाई म्हणायचे. तो सतत बोलायचा. एकदा त्यानं विचारलं, "भाऊ, तुमच्या पायाचं काय केलं?"

"म्हणजे?"

"आमच्यात दफन करतेत. माझ्या भावानं कब्रस्तानात नेला. तुमचा?"

मला माहीत नव्हतं. हा प्रश्नच माझ्या मनात आला नव्हता. दुपारी बायको डबा घेऊन आली तेव्हा मी विचारलं. ती भाकरी कुस्करत होती. हात थांबला नाही.

"तिथल्या वॉर्डबॉय मामानं इचारलं व्हतं, नेता का म्हणून. कुठं नेणार? मी न्हाई म्हणलं. मग म्हणलं, एकदा दाखवा. त्यानं कापड बाजूला केलं. मी पाया पडले अन माघारी आले."

"मग?"

"मग काय. लई गार व्हता."

भाईनं तोंड पलीकडं वळवलं. मी भाकरी खाल्ली. आपल्याला आता काहीतरी वाटायला पाहिजे, असं मनात आलं. वाटलं काहीच नाही. आमटीत मीठ कमी होतं, तेवढं कळलं.

घरी आलो आणि पाय दुखायला लागला. तोच, गेलेला. असताना ज्या टाचेला खिळा कळला नव्हता, ती टाच आता ठणकायची. मी हात लावायला जायचो तर खाली गोधडी. त्याच्यासाठी वेगळ्या गोळ्या होत्या, महाग. दोन महिने घेतल्या, मग बंद केल्या. ठणक राहिली.

इन्सुलिन थंड ठेवावं लागे. घरात फ्रिज नव्हता, असता तरी वीज नव्हती. बायको लहान मडक्याला ओलं फडकं गुंडाळून त्यात बाटली ठेवायची. टँकर चार दिवसांनी यायचा. प्यायच्या पाण्यातून एक तांब्या त्या फडक्यासाठी आणि एक पट्ट्या उकळायला बाजूला निघायचा. एकदा सासूरवाडीचे पाहुणे आले तेव्हा तिनं त्यांना अर्धा पेलाच पाणी दिलं. मी भिंतीकडं बघत बसलो.

दोन म्हशी होत्या, त्यातली एक तिनं छावणीतूनच विकली. दुसरीचं दूध ती स्वतः संस्थेत घालायला लागली. पुढं सचिवानं घरी येऊन विचारलं, खातं वहिनींच्या नावावर करू का? मी हो म्हणून मान हलवली.

पाऊस झाला, छावणी उठली. बीडला फुकट पाय बसवायचं शिबिर होतं, तिथं मला जयपूर पाय मिळाला. महिनाभर बरा चालला. मग माझा खुंट बारीक झाला आणि पाय आत खुळखुळायला लागला. कातडी सोलली. पुन्हा शिबिर कधी, कुणालाच सांगता येईना. मी तो पाय कोपऱ्यात उभा केला आणि पडून राहिलो. शेवटी बायकोनंच भाईला फोन लावला.

त्याचं गॅरेज बीडच्या बसस्टँडपासून लांब नव्हतं. कुबडी काखेत धरून तो बाहेर आला. माझा पाय उलटासुलटा करून बघितला, आतून बोट फिरवलं. "शिबिराची वाट कशाला बघता? हे आपलंच काम हाय," म्हणत त्यानं गाडीच्या सीटचा जाड, मऊ नमदा कापला, आत चिकटवला, जुना पट्टा काढून नवा रिबिटानं ठोकला.

"टाका वजन. टाका, मोडत न्हाई."

मी उभा राहिलो. पाय हलला नाही.

मग त्यानं ट्रकचा एक आरसा पुसून बायकोच्या हातात दिला. "ह्यांना उजव्या तळपायाचं बी कळत न्हाई ना? मंग रोज सकाळी ह्याच्यात बघायचं. खडा, काटा, फोड. डोळ्यानं बघायचं." पैसे काढले तर म्हणाला, "ठेवा हो, भाऊ. पट्टा तुटला की या."

पुढच्या हंगामात कारखाना सुरू झाला. काट्याच्या केबिनला आठ पायऱ्या होत्या. पहिल्या दिवशी मी त्या बसून बसून चढलो. खाली उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती आणि ड्रायव्हर बघत होते. वर जाऊन खुर्चीत बसलो, पहिल्या गाडीचं वजन लिहिलं. अक्षर पहिल्यासारखंच आलं.

त्या थंडीत एका सकाळी बायको आरसा धरून माझा तळपाय बघत होती. बघून झालं, काही नव्हतं. आरसा तिनं तसाच धरून ठेवला.

"तुमी एकदाबी रडला न्हाईत," ती म्हणाली.

"येत न्हाई."

"मला येतं," ती म्हणाली आणि तिथंच, माझा पाय मांडीवर घेऊन, रडायला लागली. बराच वेळ रडली. दुधाची वेळ होत आली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचं अंग हलत होतं, ते तेवढं माझ्या हाताला कळत होतं.