आधी दिलेली पोच

तो प्रोग्राम मी लिहिला होता, त्यामुळे चूकही माझीच. 'टीमकडून राहून गेलं' असलं काही मला ऐकवू नका, डोकं फिरतं.

राजोडीला एका वाडीवाल्यांच्या घरात वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायचे आणि घरूनच काम करायचे. खाली काका-काकू. काकांची किडनी अधू झालेली. दर पंधरवड्याला लॅबचा माणूस येऊन रक्त घेऊन जायचा. पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडू शकतं, म्हणून तसं निघालं की डॉक्टर फोन करून लगेच दाखल व्हायला सांगायचे. त्या लॅबचं काम नेमकं आमच्या कंपनीकडे होतं, आणि कंपनीत माझ्याकडे.

काम तसं सोपं. धोक्याचा रिपोर्ट निघाला की त्याचा मेसेज एका रांगेत येऊन थांबतो. माझ्या प्रोग्रामने तो उचलायचा, डॉक्टरांच्या मोबाईलवर पाठवायचा आणि मग रांगेला पोच द्यायची, की झालं काम, आता पुसून टाक. पोच मिळेपर्यंत रांग तो मेसेज जपून ठेवते. प्रोग्राम मध्येच बंद पडला, तर पुन्हा हातात देते. आधी काम, मग पोच. कंपनीत नव्याने येणाऱ्यांना हे मीच शिकवायचे, बघा!

पण लॅबच्या मालकाने भिंतीवर स्क्रीन लावून घेतला होता. रांगेत किती मेसेज बाकी आहेत ते त्यावर दिसायचं. पाठवायला वेळ लागायचा, आकडा काही खाली येईना. मालक आमच्या साहेबांवर उखडला, साहेब माझ्यावर. मी वैतागून पोचेची ओळ वर नेली. मेसेज उचलला की लगेच पोच, पाठवायचं मागाहून. स्क्रीनवर शून्य! साहेब म्हणाले, "वा, मस्त." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्याच आठवड्यात काकांचं रक्त तपासायला गेलं. दुपारी जिन्यात काकूंनी मला गाठलं.

"डॉक्टरांचा फोन नाही आला गं अजून. आपण करून बघू का?"

"अहो काकू, ते मीच बनवलंय. काही वावगं असतं तर एव्हाना फोन वाजला असता. निश्चिंत राहा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेले.

मी वर जाऊन नोंदी उघडल्या. काकांचा रिपोर्ट उचलल्याची नोंद होती, पोच दिल्याची होती. पाठवल्याची नव्हती. मध्येच प्रोग्राम बंद पडून पुन्हा सुरू झाला होता, आणि रांगेकडे परत द्यायला काही उरलंच नव्हतं. मी ती एक ओळ पुन्हा खाली आणली. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "दुरुस्त झालं ना? मग लेखी काही ठेवू नकोस. आणि नोकरी हवी असेल तर तोंड बंद ठेव."

ठेवलं. लाज वाटते सांगायला, पण ठेवलं. खाली काकूंचा मुलगा त्यांच्या घरच्या बोलीत आईवर ओरडायचा. मला सगळं कळायचं नाही, कळून घ्यायचंही नव्हतं. मी कानाला हेडफोन लावायचे.

तेरावं झाल्यावर एका दुपारी काकू पडवीत एकट्याच दिसल्या.

"मुलगा बोलत नाही माझ्याशी," त्या म्हणाल्या. "त्या दुपारी ह्यांनी केळं मागितलं. आपल्या वाडीतलं, पण त्याने पोटॅशियम वाढतं म्हणून किती महिने तोंडात घातलं नव्हतं. फोन नाही, म्हणजे सगळं बरं असेल, म्हणून मी दोन दिली. तो म्हणतो, तूच मारलंस बाबांना. मारलंच ना गं मी?"

मी सगळं सांगून टाकलं, ती ओळ, तो स्क्रीन, साहेब, सगळं. केळी खाण्याआधीच पोटॅशियम वाढलेलं होतं. डॉक्टरांना कळवणं माझं काम होतं. काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे त्याच्यासमोर सांगशील?"

रविवारी त्याच पडवीत मी लॅपटॉप उघडून त्याला नोंदी दाखवल्या. नोकरी जाणार हे ठाऊक होतं, गेलीही. त्याने एकच विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"आणि मी आईला काय काय बोलत होतो, ते इतके दिवस वर बसून ऐकत होतात?"

मी हो म्हटलं. तो उठून आईच्या पायाशी जाऊन बसला. काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "महिनाअखेर खोली रिकामी कर."