तळ्याकाठची अर्धी भाकर

कन्नडला चार वर्षं काढूनही माझ्या काकूने गौताळ्याचं तळं पाहिलं नव्हतं. काका जंगलखात्यात कारकून. रोज त्याच डोंगराचे कागद खाली-वर करायचा, पण बायकोला एकदा तिकडे न्यावं हे काही त्याला सुचलं नाही. डोंगरात काय बघायचं, दगड, असं म्हणायचा. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी शेंद्र्याच्या आमच्या घरून त्यांच्याकडे गेले आणि काकूला सोबत मिळाली. मी एकोणीस वर्षांची. औरंगाबादला शिक्षिकेचं ट्रेनिंग चाललं होतं आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

काकू माझ्याहून दहाच वर्षांनी मोठी. दोन महिन्यांपूर्वी चौथ्या महिन्यात तिचं पोट पडलं होतं. तेव्हापासून तिच्या अंगात रक्त म्हणून राहिलं नव्हतं. जरा उपाशी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसायची. डॉक्टरांनी तिला वेळच्या वेळी खाऊ घाला म्हणून बजावलं होतं. काकाने ते काम माझ्यावर सोपवलं आणि तो मोकळा झाला.

तिला तळं बघायचं होतं ते हवा खायला नव्हे. पोलीस अॅक्शनच्या आधीच्या वर्षी, रझाकारांच्या धामधुमीत, तिची आई तिला घेऊन देवगाव रंगारीहून रातोरात निघाली होती. डोंगर चढून, घाट उतरून खाली चाळीसगावला, निजामाच्या हद्दीबाहेर पोचायचं होतं. वाटेत त्या दोघी एका तळ्याकाठी थांबल्या होत्या. तेव्हा काकू बारा वर्षांची होती. ते तळं हेच का, एवढं तिला बघायचं होतं. तिची आई अजून देवगावलाच होती, महिनाभर अंथरुणाला खिळलेली. दिवाळी झाली की माहेरी जाऊन आईला तळ्याचं सांगायचं, असं काकूने ठरवलं होतं.

साहेबांची जीप वर काही कामाला जाणार होती. तिच्यातून ड्रायव्हरने आम्हाला नऊ वाजता तळ्यावर सोडलं. हे ड्रायव्हर म्हणजे शहागंजकडचे एक म्हातारे चाचा, फार अदबीने बोलणारे. दुपारी घ्यायला येतो म्हणाले आणि वरचं काम उरकून परत खाली गेले.

तळं सुंदर होतं, असं लिहायला हवं. पाणी काठोकाठ होतं. भोवती साग आणि वाळत चाललेलं गवत. पण तिथे एक माणूस नव्हता, पाखरूही ओरडत नव्हतं, आणि पाण्यावरून येणारा वारा असा गार होता की मला ते ठिकाण पहिल्यापासून आवडलं नाही. काकू मात्र काठाकाठाने चालत एका काळ्या खडकापाशी जाऊन उभी राहिली. हाच तो, म्हणाली. मग कितीतरी वेळ त्यावर हात ठेवून बसली.

अकराच्या सुमारास जीपचा आवाज आला. चाचा एवढ्या लवकर कसे आले म्हणून मी चढ चढून रस्त्यावर गेले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"बेटी, बाई की अम्मा गुजर गईं," ते म्हणाले. "तुम्हारे काका आगे गये. एक की मोटर पकड़ना बोले. चार बजे तक रोकते मय्यत कू."

म्हणजे तासाभरात खाली कन्नडला उतरायचं, एकची देवगावची एस.टी. धरायची, तीनपर्यंत पोचायचं. लेकीला आईचं तोंड दिसायचं. सगळं सरळ होतं. त्यात माझं डोकं घालायची काहीच गरज नव्हती.

पण आमच्याकडची रीत मला पाठ होती. मयताची बातमी माणसाच्या पोटात दोन घास गेल्याशिवाय सांगायची नाही. एकदा सांगितलं की ते माणूस दिवसभर पाण्याच्या थेंबालाही शिवत नाही. घरातल्या बायकांना मी हे करताना पाहिलं होतं: हसून वाढायचं, आग्रह करायचा आणि हात धुऊन झाले की मग हळूच सांगायचं. इथे तर काकूच्या अंगात त्राण नव्हतं. उपाशी पोटी ही रस्त्यातच पडेल, असं मी चाचांना म्हटलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. रास्ते में खिलाव, असं ते हळूच म्हणाले. जीपमध्ये बसवलं की तिला कळणारच, मग ती खाणार नाही, असं मी त्यांना समजावलं. मास्तरीण होणार होते ना! ते जीपला टेकून उभे राहिले.

मी खाली आले आणि भाकऱ्यांचं फडकं सोडलं. चाचा काम लवकर आटपलं म्हणून आलेत, अशी थाप मारली. काकू त्या दिवशी आनंदात होती. दोन महिन्यांनी तिला भूक लागली होती. खात खात ती बोलत होती आणि मी ऐकत होते.

"ह्याच दगडावर बसलो व्हतो आमी. आईजवळ एकच भाकर. अर्धी मला दिली. मग राहिलेली अर्धी बी मलाच दिली आन् म्हनली, मी खाल्ली मगाशी. कवा खाल्ली? मला काय कळत नव्हतं व्हय? पर भूक लई व्हती. मी खाऊन टाकली."

तिची एक भाकर संपली. पुरे म्हणाली. चाचा वरून खोकले. मला तो खोकला ऐकू आला, त्याचा अर्थही कळला. तरी मी म्हणाले, "काकू, अजून अर्धी घे. माझ्यासाठी." आणि तिच्या फडक्यावर अर्धी भाकर, वर ठेचा वाढला. तिने ती सावकाश, चवीने खाल्ली. मग औषधाची रिकामी बाटली काढून तळ्याच्या पाण्याने भरली, आईला दाखवायला. तेव्हाही मी तिला घाई केली नाही.

आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा एस.टी.ची धूळ अजून खाली बसायची होती. पुढची तीनला होती. जीप साहेबांना हवी होती, चाचांचा नाइलाज होता. तिथे बाकावर मी काकूला सांगितलं, आईची तब्येत जास्त आहे. हे वाक्य आपल्याकडे कुणाला फसवत नाही. सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही, पण दोघं ते खाली पडू देत नाहीत. काकूने बाटली पदरात गुंडाळली आणि विचारलं, "सांगावा कवा आला?"

"आत्ताच," मी म्हणाले.

गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत गेली. कुठे कापसाची बोचकी चढत होती, कुठे कंडक्टर चहाला उतरत होता. थंडीचे दिवस, उन्हं उतरणीला लागलेली. देवगावच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा अंगण नुकतंच सडा घालून ओलं होतं. दारात बायका ओल्या लुगड्यांनी उभ्या होत्या. आत जिथे आईला ठेवलं होतं तिथे जमिनीवर पीठ पसरून दिवा लावला होता, त्यावर टोपली. भावकीने साडेचारपर्यंत वाट पाहिली होती. मग दिवस मावळायच्या आत उरकायला हवं म्हणून उचललं. काका त्यांच्याशी भांडला, पण जावयाचं ऐकतं कोण? गावाबाहेर धूर दिसत होता. बायकांनी तिकडे जायचं नसतं. काकू उंबऱ्यात उभी राहून त्या धुराकडे बघत राहिली. रडली नाही. बाटली तिच्या हातातच होती.

तिसऱ्या दिवशी चाचा भेटायला आले. अंगणात बसून ते काकाला म्हणाले, माफ करना, मैं तो ग्याराच बजे पोंचा था. भला माणूस, त्यांना वाटत होतं दोष त्यांच्यावर येईल. काकू आत तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. मी समोरच बसले होते.

"तुला ठावं व्हतं," ती म्हणाली. "ठावं असून तू मला अर्धी भाकर आनिक वाढली."

मी रीत सांगितली, डॉक्टर सांगितले, तिची चक्कर सांगितली. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. त्यानंतर ही गोष्ट तिने तोंडातून काढली नाही. वागण्यात फरक नाही, माझ्या लग्नात सगळ्यांत जास्त राबली ती तीच. फक्त माझ्या हातचं वाढून घेतलं नाही. पंगतीत मी वाढायला आले की ताटावर हात आडवा. नको, झालं माझं. माझ्या घरी आली तर घरून खाऊन यायची. लोकांच्या लक्षातही यायचं नाही. मला दर वेळी यायचं.

पुढे काकाची बदली औरंगाबादला झाली आणि ते शहागंजला एका कापडदुकानाच्या वर राहायला आले. माझी शाळा जवळच होती. मधल्या सुट्टीत मी कधी काकूकडे जेवायला जायची. ती मला हौसेने वाढायची, माझं घ्यायची नाही, एवढंच. असंच एकदा मी दुसरा घास तोंडात घालत होते आणि खालून दुकानदाराने फोन आला म्हणून हाक मारली. काकू खाली गेली. वर आली ती सरळ माझ्यापुढे वाकली आणि तिने माझं ताट ओढून घेतलं. भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये म्हणतात. तिने उठवलं.

"तुझी आई गेली," ती म्हणाली. "तोंडातला घास थुक. हात धू. खाली रिक्षा थांबवलीया."

शेंद्र्यापर्यंत ती शेजारी बसली होती. मला आईचं तोंड दिसलं. कपाळाला हात लावला तर अजून ऊब होती. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की मी काकूचं काय घेतलं होतं. सोळा-सतरा वर्षं मी स्वतःला समजावत होते, की तोंड बघून माणूस काही परत येत नाही.

सगळे स्मशानातून परतल्यावर शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरीचा कडू घास आणला. काकूने एक भाकर माझ्या ताटात ठेवली. "आता खा," म्हणाली. मी भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक अर्धा तिच्यापुढे धरला. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, ते मी आजही शपथेवर सांगेन. मग तिने तो तुकडा माझ्या हातातून काढून परत माझ्याच ताटात ठेवला.

दोन्ही अर्ध्या मीच खाल्ल्या.