शेवटचे हजार फूट

आमच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या बाई राहतात. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. शाळेचा जिना ती एकेक पायरी गाळत चढायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. पुढे ती प्रवासी विमानात उपवैमानिक झाली, तरी पायांतली घाई काही गेली नाही.

ती कॅप्टनच्या परीक्षेला निघाली तेव्हा आईने निकालाआधीच तिच्या गणवेशाच्या खांद्यावर कॅप्टनचा चौथा सोनेरी पट्टा शिवून टाकला. त्या दिवशी विमान जवळजवळ रिकामं होतं, आणि हलकं विमान बाणासारखं चढतं. विमानतळावरच्या नियंत्रकाने सहा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, विमान थांबलंही तिथेच. पण हजार फूट वरून दुसरं विमान चाललं होतं. खालून कोणीतरी सुसाट अंगावर येतंय असं वाटून त्याचं धोक्याचा इशारा देणारं यंत्र ओरडलं आणि त्याला पळापळ करून आणखी वर जावं लागलं.

"मी थांबणारच होते ना!" भिंगरी म्हणाली.

"ते तुम्हाला ठाऊक. वरच्याला कसं कळावं?" मागे बसलेले परीक्षक म्हणाले आणि त्यांनी तिला नापास केलं. आईने पट्टा उसवला.

दुसरी संधी शेवटची होती. ती हुकली, तर जन्मभर उपवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत. परीक्षेपुरती ती डावीकडे कॅप्टनच्या खुर्चीत, मागे बसायला परीक्षक तेच, आणि विमान पुन्हा रिकामं.

"सहा हजार," शेजारच्या उपवैमानिकाने यंत्रावर उंचीचा आकडा लावला. भिंगरीने त्यावर बोट रोखलं आणि मोठ्याने म्हटलं, "सहा हजार." ही त्यांच्या कामाची रीतच आहे. विमान उधळल्यासारखं वर निघालं. साडेचार हजारांवरच तिने चढण्याचा वेग कमी केला, मग आणखी कमी.

"मॅडम, आज काय बैलगाडी जुंपलीय?" उपवैमानिक हसला.

"शेवटच्या पायऱ्या चालतच चढायच्या. वर कोणाचं तरी घर असतं," ती म्हणाली. "हजार फूट राहिले की तेवढं सांग."

"राहिले हजार."

विमान अलगद सहा हजारांवर स्थिरावलं. तेवढ्यात डोक्यावरून एक मोठं विमान शांतपणे निघून गेलं. कुठे काही ओरडलं नाही. परीक्षकांनी वर पाहिलं, घसा खाकरला आणि पाण्याची बाटली उघडली.

उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "त्या वरच्याला आपण आहोत हे कळलंसुद्धा नसेल. छान."

तिने तिथूनच आईला फोन लावला. "आई, सुईत दोरा ओव."

"आधी पास झाल्याचा कागद हातात पडू दे," आई म्हणाली. "मागच्या खेपेला उसवताना बोट टोचलंय माझं."

"कागद हातातच आहे गं!"

पलीकडून मशीनचं झाकण उघडल्याचा आवाज आला.