बिल्ला नंबर १४२७

वनमालाबाई तावड्यांना कुणी विचारलं, "काय करता तुम्ही?" की त्या सांगायच्या, "कॉम्प्युटरात आहे," आणि समोरच्याचा चेहरा बघायला जरा थांबायच्या. का नाही थांबणार! पंधरा वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळलं. संपात गिरणी बुडाली ती बुडालीच. नवरा, धोंडू, तोही त्याच गिरणीतला, कांदिवलीच्या खोलीत खिडकीशी बसून राहिला तो उठेचना. तेव्हा ही बाई मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात शिरली आणि चाळिशी उलटल्यावर सोल्डरिंग शिकली. बोटं भाजली, चष्मा लागला, पण शिकली.

गाळा मधुकर चित्र्यांचा. हा इंजिनिअर हुशार खरा, पण विसराळू इतका की जेवणाचा डबा गाळ्यात आणि स्वारी घरी. त्याने एक मशीन बनवलं होतं. कॉम्प्युटर एक आणि त्याला जोडलेले पडदे आठ, म्हणजे ऑफिसातल्या आठ जणांनी एकदम काम करायचं. हार्डडिस्क परवडणारी नव्हती, म्हणून अख्खी सिस्टिम एका फ्लॉपीवर बसवलेली. मशीन चालू केलं की फ्लॉपी घरघरायची आणि सिस्टिम मेमरीत चढायची. तिच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, पडदे किती, प्रिंटर कुठे, कुणाशी किती वेगाने बोलायचं हे आकड्यांत सांगावं लागे. असे तेवीस आकडे. आणि गंमत अशी की बदललेले आकडे नुसते मेमरीत राहायचे. फ्लॉपीवर उतरवायचा हुकूम दिला नाही आणि वीज गेली, तर सगळं पुसलं!

ते तेवीस आकडे जुळवायला मधुकरला तीन आठवडे लागले. रोज संध्याकाळी वनमालाबाई पदर खोचून विचारायच्या, "साहेब, आज काय काय बदललंत?" तो सांगायचा आणि त्या कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहायच्या. खाली स्वतःचा नंबर टाकायच्या, १४२७. गिरणीत त्यांची ही जुनी सवय. पाळी सुटताना मशीन कसं लावलंय ते फळीवर लिहायचं, खाली बिल्ला नंबर, म्हणजे पुढच्या पाळीची बाई आंधळ्यासारखी चाचपडत नाही.

"मावशी, इथे दुसरी पाळी कुठेय?" मधुकर हसायचा. "आणि गिरणी बंद होऊन वर्षं झाली. तो नंबर कशाला?"

"बिल्ला गेटवर जमा केला हो साहेब. नंबर थोडाच जमा होतो?"

अठ्ठ्याऐंशीचा दसरा आला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता घाटकोपरच्या औषध कंपनीचे लोक मशीन बघायला यायचे होते. पसंत पडलं तर आठ मशिनींची ऑर्डर, नाही तर दिवाळीनंतर गाळ्याला कुलूप. मधुकरने हे लपवून ठेवलं नव्हतं. एका आयुष्यात दोनदा कुलूप बघायचं वनमालाबाईंना मुळीच नव्हतं.

खंडेनवमीला गाळ्यात पूजा झाली. सोल्डरिंग आयर्नला, पकडींना, मशीनला हळदकुंकू लागलं. फ्लॉपी राहून कशी चालेल? सगळा जीव तर तिच्यात! वनमालाबाईंनी पाकिटातून काढून ती पाटावर ठेवली. काळ्या आवरणाला मधे लांबट खिडकी, आत तपकिरी चकती दिसत होती. देवाचं अंग दिसतं तिथेच गंध लावायचं ना? त्यांनी ओलं हळदकुंकू नेमकं तिथे लावलं आणि मनापासून हात जोडले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मधुकरने ती फ्लॉपी मशीनमध्ये घातली. कर्र कर्र आवाज झाला आणि पडदा कोराच. त्याने ती बाहेर काढून उजेडात धरली. खिडकीत कुंकवाची खपली.

"हे कुणी केलं?"

"मी," वनमालाबाई म्हणाल्या. दुसऱ्या कुणावर ढकलायचं त्यांच्या मनातही आलं नाही. "मीच वाट लावली, साहेब."

मधुकर मटकन स्टुलावर बसला. कोऱ्या सिस्टिमची फ्लॉपी होती, पण तिच्यावर एकच पडदा चालायचा. "दुसरी प्रत उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो," तो पुटपुटला. "तेवीस आकडे, मावशी! माझ्या डोक्यात चारसुद्धा नाहीत."

वनमालाबाईंनी जाऊन कपाटाचं दार सताड उघडलं. "डोक्यात कशाला पाहिजेत? दुसरी पाळी आली समजा. मी वाचते, तुम्ही मारा."

त्यांनी एकेक आकडा दोनदा वाचला, त्याने टाइप केला. अकराला सात मिनिटं कमी असताना आठही पडदे उजळले. खाली गाडीचा हॉर्न वाजला. मधुकर शर्ट खोचत दाराकडे धावला.

"थांबा! आधी फ्लॉपीवर उतरवा."

"अहो, आले ते!"

"येऊ देत. जिन्यातच आहेत ना? आधी उतरवा."

त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मालक मुकाट्याने परत आला आणि त्याने हुकूम दिला. फ्लॉपी घरघरली, थांबली.

पाहुणे आले, आठही पडद्यांवर बोटं चालवून बघू लागले. नलिनी, गाळ्यातली दुसरी कामगार, चहा टाकायला गेली. तिने कॉइलची शेगडी लावली मात्र, फट्! फ्यूज उडाला. सगळे पडदे काळे. मधुकरचा चेहरा तर त्याहून काळा.

फ्यूज बदलला. वनमालाबाईंनीच मशीनचं बटण दाबलं. फ्लॉपी घरघरली आणि एकामागून एक आठही पडदे आपसूक जागे झाले.

"अरे, हे झकास आहे," पाहुण्यांतला मोठा साहेब म्हणाला. "आमच्याकडे वीज गेली की अर्धा दिवस जातो." ऑर्डर तिथेच पक्की झाली.

महिन्याने पहिलं मशीन तयार झालं. मधुकर म्हणाला, "मावशी, तुम्ही चालू करा." त्यांनी केलं. पडद्यावर पहिल्याच ओळीत चार आकडे उमटले: १४२७.

"हे काय हो, साहेब?"

"मशीन लावून गेलेल्या बाईचा नंबर. सिस्टिममध्येच जतन केलाय. आठही मशिनी उठताना आधी हाच दाखवणार."

वनमालाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावून तो आकडा वाचला.

घरी धोंडू खिडकीशीच होता. त्यांनी सगळं सांगितलं.

"गिरण बंद पडली," तो सावकाश म्हणाला, "आणि तुजो नंबर अजून चलता?"

"चलता तर! आठ मशिनीत चलता," वनमालाबाई म्हणाल्या. "तुमचो नंबर काय होतो ओ?"

कित्येक वर्षांनी धोंडू खिडकी सोडून उठला आणि ताठ उभा राहून त्याने आपला नंबर सांगितला.