उलटी गिटार

जपानात, कोतोमध्ये आमच्या स्टेशनाजवळ जुन्या गिटारींचं एक दुकान आहे. त्याच्यासमोरून सायकल नेणं मी सोडून दिलंय. लेक मागच्या सीटवरून 'तोओई, तोओई' करत लांब पडतं म्हणून कुरकुरते, तरी मी कालव्याकडून वळसा घालते. त्या दुकानाच्या काचेत माझ्या काकांची गिटार टांगलेली आहे. काकांना जाऊन दीड वर्ष झालं आणि त्यांची गिटार पुण्यात काकूच्या कपाटावर आहे, हे मला ठाऊक आहे. तरी ती तिथे आहे.

काका पुण्यात एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्या काळी अमेरिकन इलेक्ट्रिक गिटार आणायची म्हणजे परवाने, कस्टम आणि परदेशात कुणीतरी मामा हवा. काकांकडे यातलं काहीच नव्हतं. होतं ते एका परदेशी मासिकातलं पानभर चित्र. त्यावरून त्यांनी सुताराच्या मानगुटीवर बसून सागवानाची गिटार करून घेतली आणि जुन्या टेलिफोनमधली चुंबकं तिच्यात बसवली. वाजायची झकास. फक्त आवाजाची बटणं वरच्या बाजूला होती, त्यामुळे काका रंगात आले की बाही घासून आवाज मधेच बसायचा. म्हणून ते उजवी बाही कोपरापर्यंत दुमडायचे. पुढे सवयच लागली. लग्नाच्या फोटोतही ती दुमडलेलीच आहे.

मी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी जपानला निघाले तेव्हा त्यांनी एकच काम सांगितलं. "तिथे खरी मिळते म्हणतात. एकदा हातात घे आणि माझी बरोबर झालीय का, तेवढं सांग."

तेवढं सांगायला मी चार वर्षं लावली. रिलीज, डेडलाइन, मुलीची शाळा. कारणांना काय तोटा! शेवटी काकांनी अंथरूण धरल्याचा काकूचा फोन आला, तेव्हा कुठे एका शनिवारी त्या दुकानात गेले. म्हाताऱ्या दुकानदारानं खरी गिटार आधी सुरात लावली, मग दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. शिंगासारखं लांब टोक वर, बटणं खाली. काकांची याच्या बरोबर उलट. म्हणजे मासिकात चित्रच आरशातल्यासारखं उलटं छापलं गेलं होतं. टीव्हीवर अशा गिटारी मी शंभरदा पाहिल्या असतील, पण घरातल्या वस्तूकडे नीट बघतं कोण?

माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत मी हे सांगितलं, तर म्हातारा हसला नाही. "युद्धानंतर इथेही तसंच होतं," तो म्हणाला. "इंग्लंडातसुद्धा. अमेरिकन गिटार वर्षानुवर्षं येऊच देत नव्हते. लोक चित्रं बघून करायचे." मग त्यानं काचेतली डावखुऱ्यांसाठीची गिटार दाखवली. हुबेहूब काकांची.

बाहेर येऊन मी पुण्याला फोन लावला. "काका, सेम टू सेम आहे. काडीचा फरक नाही."

काका म्हणाले, "बरं झालं, बाई. थंडी असेल, घरी जा."

आजारी माणसाचं मन राखलं म्हणून मला अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू. पंधरा दिवसांनी ते गेले. मग मात्र ते खोटं मला खायला लागलं. पुण्याला गेले तेव्हा काकूपुढे सगळं कबूल केलं.

"अगं, टीव्ही काय आमच्याकडे नव्हता?" काकू म्हणाली. "ह्यांना केव्हाच कळलं होतं. ऑर्केस्ट्रातले चेष्टा करतील म्हणून कुणापाशी बोलले नाहीत. तू तिकडून फोन करशील, 'काका, उलटी केलीत की हो!' म्हणशील, मग दोघं पोट धरून हसू, असं म्हणायचे. चार वर्षं तेच चाललं होतं."

"आणि माझा फोन झाल्यावर काय म्हणाले?"

"काही नाही. उजवी बाही खाली घेतली आणि मनगटाचं बटण लावलं."