अडलं तर मला विचारू नका

आमच्या कंपनीतला कुठला प्रोग्राम कुणाचा, तो चालू कसा करायचा आणि बंद पडला तर कुणाच्या नावानं ओरडायचं, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं. मी मंचरला घरी बसून काम करते. पुण्यात कुणाचं काही अडलं की फोन मला! भाजी निवडताना, कुकर शिट्ट्या देत असताना, एकदा तर दाताच्या डॉक्टरांपुढे तोंड वासलेलं असताना मी लोकांना मार्गी लावलंय. खोटं कशाला बोलू, मला त्याची मिजासच होती.

मग मॅनेजरबाई म्हणाल्या, "सगळं तुझ्याच डोक्यात असेल तर ते डोकं इथं ऑफिसात हवं. नाहीतर एखादं पोर्टल निवड. महिनाभरात ते चाललं तर तू मंचरला राहा, नाही चाललं तर पुण्याला ये."

माझी पाचावर धारण बसली. घरी मी आणि वडील, दोघंच.

पोर्टल म्हणजे सगळ्या प्रोग्रामांची माहिती एका जागी देणारी, कंपनीतल्या लोकांपुरती वेबसाइट. विकणारे येऊन आपापलं दाखवू लागले. मुलगी दाखवायचा कार्यक्रमच तो. ती घोरते हे कुणी सांगत नाही. शेवटी दोन उरली. एक फार नटवं, रंगीत आलेख काय, टीमना गुण काय! दुसरं साधं. प्रोग्रामचं नाव टाकलं की पहिल्याच ओळीत त्याचा मालक, म्हणजे तो सांभाळणारी टीम कोणती, ते येई. ऑफिसातली पोरं सगळी नटव्यावर भाळलेली. दोन्हींत आमच्या थोड्या प्रोग्रामांची माहिती भरली आणि मी विचारलं, "बिलं पाठवणारं बंद पडलंय, कुणाला सांगू?" नटव्याचा माणूस आलेखांमागून आलेख उघडत बसला. साध्यानं झटक्यात सांगितलं. साधं निवडलं गेलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन चक्क नाचले.

सगळ्या टीमनी आपापली पानं भरली. उघडून बघते तर काय, जिथं तिथं 'अडलं तर विचारा'पुढे माझाच नंबर!

"अरे, तुमच्या प्रोग्रामची माहिती तुम्हाला नाही?"

"आहे की. पण तुला जास्त आहे."

हसावं की रडावं? मी पोट धरून हसले. मग प्रोग्रामची नवी आवृत्ती गिऱ्हाइकांकडे जायची होती नेमकी त्या दिवसांची रजा टाकली, म्हणजे त्यांचं त्यांनाच निभवावं लागेल, आणि मामाकडे आहुप्याला जाणारी एसटी धरली. तिथं फोन लागत नाही.

अगदीच लागत नाही असं नाही. कड्याजवळच्या एका खडकावर रेंज येते, आणि सगळं गाव तिथं चढून बोलतं. भात झोडायला मी खळ्यावर उभी राहिले, पण हात सारखा खिशाकडे.

"आगं, खडकावर जाऊन ये की. हापिसाचा फोन आसंल," मामा म्हणाला.

"न्हाई जायचं, मामा."

"भांडण झालं व्हय?"

"न्हाई."

"मंग लई गॉड हसतीयास ती?" मामीनं विचारलं.

संध्याकाळी खडकाखालून जाताना वरून कुणीतरी ओरडलं, "ताई, या की वर! दोन दांड्या दिसत्यात!" मी कानांवर हात ठेवून पळत सुटले.

परतीची एसटी घोडेगावात शिरली आणि फोन थरथरायला लागला. न घेतलेल्या फोनांची रांगच्या रांग. मनातल्या मनात मी पुण्याची बॅगही भरली.

मग नीट पाहिलं. सगळे फोन वडिलांचे होते. ऑफिसचा एकही नाही; मॅनेजरबाईंचा निरोप तेवढा: 'नवी आवृत्ती गेली. पानांवरचे नंबर ज्याचे त्यांनी बदलले. तू मंचरलाच राहा.'

मी एवढ्यानं किंचाळले की कंडक्टर वळला. "काय वो ताई, काय इसरलं का?"

हसत हसतच वडिलांना फोन लावला.

"चहाची पावडर कुठंय? आन् माझा चष्मा?"

"पावडर ओट्याखाली, निळ्या डब्यात. चष्मा टीव्हीमागं."

थोडा वेळ खुडबुड ऐकू आली. मग ते हळूच म्हणाले, "तू पुण्याला जाणार हायेस ना? फोनवर बोलत व्हतीस, आयकलं मी."

मी त्यांना त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"नाही जात. पक्कं झालं आज."

पलीकडे डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज.

"मंग ये लवकर," ते म्हणाले. "साखर बी गावत न्हाई."